नारिंगी झेंडीच्या मागे मागे

चहा हातात घ्या आधी. कारण हा किस्सा ऐकताना तुम्ही मध्येच मला मूर्ख म्हणणार आहात, आणि ते कोरड्या घशाने म्हणू नये. माझी बायको अदिती तर मी तोंड उघडलं की लगेच म्हणते. पण तिला सवय आहे.

तर आम्ही पार्सिपनी सोडून चॅटनूगाला आलो. न्यू जर्सीतून थेट टेनेसी! कंपनीने बदली दिली, घर परवडणारं मिळालं, डोंगर आहेत, मोठी नदी आहे, माणूस आणखी काय मागणार? पण नागपूरला आईला फोन केला तर तिने चार वेळा विचारलं, "कोणतं गाव म्हणालास?" आणि चौथ्यांदा कळल्यावर म्हणाली, "म्हणजे तू आता खेड्यात राहून राहिला?"

"अगं, खेडं कसलं? विमानतळ आहे इथे!"

"आपली माणसं किती?"

"पंचवीस घरं."

"आणि पार्सिपनीत?"

 पार्सिपनीत आमच्या एका कॉम्प्लेक्समध्येच पंचवीस घरं होती, आणि त्यातली चार आमच्याशी बोलत नव्हती. इथे भांडायलासुद्धा माणसं पुरत नव्हती हो!

आता माझा एक आजार तुम्हाला सांगून ठेवतो. मी नव्या ठिकाणी गेलो की आठवड्याभरात तिथल्या लोकांना जुन्या ठिकाणचं मोठेपण ऐकवायला लागतो. चॅटनूगाच्या मराठी मंडळाच्या पहिल्याच मीटिंगला मी सुरू झालो. "आमच्या पार्सिपनीला ना..." पाचव्या वेळेला सुलभाकाकूंनी चष्म्यावरून बघितलं. सुलभाकाकू म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी. मूळच्या पुण्याच्या, रिटायर्ड फार्मासिस्ट, आणि सोवळंओवळं गोळ्यांच्या डोससारखं अगदी मोजून पाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मंदार, तुमच्या पार्सिपनीला लोक एकमेकांचं ऐकून घेत असत का हो?"

मला टोमणे लागत नाहीत. हाही त्या आजाराचाच भाग.

विषय होता गणपती विसर्जनाचा. इथली पद्धत अशी, की भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये गणपती बसवायचा, शनिवारी सकाळी उत्तरपूजा करायची, आणि मग ज्याने त्याने आपापल्या गाडीतून, आपापला मॅप लावून, डॉक्टरकाकांच्या घरामागच्या तळ्यावर पोचायचं. डॉक्टरकाका पस्तीस वर्षांपूर्वी इथे आले. आता निवृत्त आहेत, आणि शहराबाहेर त्यांची छान मोठी जागा आहे. तळ्यावर दोन वेळा मोरया म्हणायचं, आणि मग बटाटेवडे.

"ह्याला विसर्जन म्हणतात?" मी म्हटलं. "मिरवणूक नको? आमच्या पार्सिपनीला पोलीस एस्कॉर्ट असायचा! पुढे मोटरसायकल, मागे गाड्या, लोक बघत राहायचे. काका, इथे तुमची एवढी ओळख आहे. पोलिसांशी बोला ना!"

डॉक्टरकाका चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बघू."

मराठी माणूस 'बघू' म्हणाला की तो 'नाही' म्हणाला, एवढं मला एकेचाळिसाव्या वर्षी कळायला हरकत नव्हती. पण मी ते 'हो' म्हणून धरलं. आणि खरं सांगू का? मला ही मिरवणूक मंडळासाठी नकोच होती. मला ती आईसाठी हवी होती.

कारण आई येणार होती. मूर्ती घेऊन! शाडूची, दीड फुटाची, नागपूरहून, जुन्या नऊवारीत गुंडाळून, वीस तास मांडीवर धरून तिने ती आणली. विमानतळावरून घरी येताना तिने खिडकीबाहेर बघितलं. झाडं. आणखी झाडं. एक चर्च. झाडं. पुन्हा चर्च. आणि हळूच म्हणाली, "मंदार, कुठे येऊन पडलास रे तू?"

ती रागावली असती तर चाललं असतं हो. ती दमून, काळजीने म्हणाली. मला ते लागलं. तेव्हाच मी ठरवलं, ह्या बाईला दाखवतोच, की तिचा मुलगा कुठे येऊन पडलेला नाही, इथे त्याला मान आहे.

मी मंडळाच्या ग्रुपवर सूचना टाकल्या. सगळ्यांनी हेडलाइट चालू ठेवायचे. ब्लिंकर चालू ठेवायचे. दोन गाड्यांमध्ये तिसरी घुसू द्यायची नाही. डॉक्टरकाका आपल्या काळ्या मोठ्या गाडीतून सगळ्यांत पुढे, त्यांच्या मागे मी, कारण बाप्पा माझ्या गाडीत. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: 'कोणीही मॅप लावू नका. फक्त मंदारच्या मागे या.'

ती ओळ आजही महिन्यातून एकदा कोणी ना कोणी ग्रुपवर पुन्हा टाकतं. काही कारण नसताना!

शनिवार उजाडला. आरती झाली. बायका नऊवारीत, पुरुष फेट्यांत, मुलांच्या हातात लेझीम. शेवटच्या गाडीत बोरकर, त्याच्याकडे ढोल. हा बोरकर नागपूरचाच, आणि त्याचा आवाज असा की फोन न लावताही नागपूरला ऐकू जावा. माझ्या गाडीत मागच्या सीटवर आई, मांडीवर बाप्पा. पुढे अदिती, मांडीवर आरतीचं ताट. मी फेटा बांधून स्टिअरिंगवर. माझ्या मागच्याच गाडीत सुलभाकाकू, आणि त्यांच्या मागे आणखी दहा गाड्या.

डॉक्टरकाका निघाले. मी निघालो. कोपऱ्यावर सिग्नल होता. काका हिरव्यात निघून गेले आणि नेमका माझा फेटा घसरून डोळ्यांवर आला. तो वर सारेपर्यंत सिग्नल लाल!

"गेले ते," अदिती म्हणाली.

"जातील कुठे? काळी गाडी आहे, दिसेलच."

सिग्नल हिरवा झाला. आणि दिसलीच की! पलीकडच्या चर्चच्या पार्किंगमधून एक लांबलचक काळी गाडी सावकाश बाहेर येत होती. हेडलाइट चालू. ब्लिंकर चालू. तिच्या मागे पाच गाड्या. त्यांचेही हेडलाइट चालू, ब्लिंकर चालू.

"बघ! काका आपल्यासाठी चर्चमध्ये थांबले होते," मी म्हटलं आणि गाडी रांगेला लावली. माझ्या मागे अकरा गाड्या. शिस्तीत!

"मंदार, काकांच्या मागे तू होतास ना? मग ह्या पाच गाड्या कोणाच्या?"

"आगाऊपणा आहे लोकांचा! 'तिसरी घुसू द्यायची नाही' असं लिहिलं होतं मी. वाचतंय कोण?"

"पण आपल्या पुढची गाडी कोणाची आहे?"

"कुलकर्णींनी नवी घेतली असेल."

"ती वीस वर्षं जुनी आहे, मंदार."

मी उत्तर देणार इतक्यात काय दिसावं? मोटरसायकलवर पोलीस! खराखुरा, गणवेशातला! पुढच्या चौकात त्याने गाडी आडवी घातली, लाल सिग्नल असताना आम्हाला हाताने पुढे काढलं, आणि सगळी वाहतूक रोखून धरली.

मी स्टिअरिंगवर थाप मारली. "काकांनी करून दाखवलं! पोलीस एस्कॉर्ट!"

आई मागून म्हणाली, "एवढा मोठा माणूस आहे हो तुमचा डॉक्टर?"

"मग! अर्ध्या शहरावर उपचार केलेत त्यांनी."

मग मला दिसली ती झेंडी. पुढच्या गाडीच्या छतावर एक छोटी झेंडी फडफडत होती. नारिंगी!

"भगवा!" मी ओरडलो. "आई, भगवा लावलाय गाड्यांना!"

"त्यावर काहीतरी लिहिलंय," अदिती डोळे बारीक करून म्हणाली.

"मंगलमूर्ती मोरया लिहिलं असेल."

"इंग्लिशमध्ये?"

"इथल्या लोकांना कळायला नको?"

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस इतका बावळट कसा? थांबा, अजून बराच बाकी आहे.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि मी जन्मात बघितलं नव्हतं ते बघितलं. समोरून येणाऱ्या गाड्या एकामागून एक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबायला लागल्या! ट्रक थांबला. सिटी बस थांबली. एक माणूस बसायच्या मशीनवरून गवत कापत होता, त्याने मशीन बंद केलं, उठून उभा राहिला, टोपी काढली आणि छातीवर धरली. रस्त्याचं काम करणारे चार जण हेल्मेट काढून मान खाली घालून उभे!

 माझ्या डोळ्यांत पाणी. आईच्या तर गालांवर.

"काय माणसं आहेत रे ही!" ती म्हणाली. "आपला देव, यांनी कधी पाहिला नाही, ऐकला नाही, तरी केवढा मान! मी उगाच बोलले रे तुला."

बास! मला आणखी काय पाहिजे होतं? मी खिडक्या खाली केल्या. "आई, बाप्पाला वर धर. दर्शन घेऊ दे लोकांना!" तिने मूर्ती खिडकीशी धरली. मी फोन गाडीच्या स्पीकरला जोडून ढोल-ताशा लावला. पूर्ण आवाजात! आणि बाहेर हात काढून दोन्ही बाजूंच्या लोकांना अभिवादन करायला लागलो. एका म्हातारबुवांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं भारावून गेलेत.

तेवढ्यात डॉक्टरकाकांचा फोन आला. ढोल बंद पडला. मी कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट!

"अरे उचल ना," अदिती म्हणाली.

"कौतुक ऐकायलाच करताहेत. नंतर बोलतो. आत्ता ताशा रंगात आलाय."

आईने तोवर तिच्या फोनवरून नागपूरला माझ्या नानाकाकांना व्हिडिओ कॉल लावला होता. तिथे रात्रीची जेवणं चालली होती. "नाना, बघा, बघा! अख्खं गाव रस्त्यात उभं आहे गणपतीसाठी!"

नानाकाकांचा आवाज आला, "वा! आपल्याकडे तर अँब्युलन्सला रस्ता देत नाहीत."

"मंदार," अदिती हळूच म्हणाली, "कोणी हसत का नाहीये? कोणी फोटो का काढत नाहीये?"

"हे अमेरिकेचं साऊथ आहे, अदिती. इथे देवाधर्माच्या बाबतीत लोक फार सिरियस असतात."

गाड्या एका लोखंडी कमानीतून आत वळल्या. दोन्ही बाजूंना कापलेलं हिरवंगार गवत, मोठाले ओक, वळणावळणाचा रस्ता.

"केवढी इस्टेट आहे काकांची! आणि बोलले नाहीत कधी."

"दगड कसले रे हे एवढे?" आईने विचारलं.

अदितीने कमानीवरचं नाव वाचलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक. तिने आरतीचं ताट घाईने पायाशी ठेवलं. "मंदार, ढोल बंद कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बंद कर."

मी समोर बघितलं. हिरवा मांडव. त्याखाली घडीच्या खुर्च्यांच्या पाच रांगा, पहिली सोडली तर सगळ्या रिकाम्या. फुलं. आणि त्या लांबलचक काळ्या गाडीचं मागचं दार उघडून सहा माणसं जे बाहेर काढत होती, ते बघून मी एका झटक्यात ढोल बंद केला.

पुढच्या गाडीवरची झेंडी आता फडफडायची थांबली होती. अक्षरं स्वच्छ दिसली. मंगलमूर्ती मोरया नव्हतं हो लिहिलेलं. 'फ्युनरल' लिहिलं होतं.

तो सगळा मान, त्या टोप्या, ती थांबलेली सिटी बस! साऊथमध्ये अंत्ययात्रा दिसली की अनोळखी माणूससुद्धा गाडी बाजूला घेऊन थांबतो. जुनी रीत आहे. आणि मी त्या अंत्ययात्रेत ताशा वाजवत, हात हलवत, देवाचं दर्शन देत आलो होतो. तेही लाइव्ह, नागपूरपर्यंत!

"आई, कॉल बंद कर."

"का रे?"

"बंद कर ना!"

पण आता माझ्या मागच्या अकरा गाड्यांचं काय? त्या आल्याच. मंदारच्या मागे! दारं उघडली. नऊवाऱ्या उतरल्या. फेटे उतरले. लेझीम खुळखुळली. सुलभाकाकू सगळ्यांत आधी उतरल्या, त्यांनी मांडव बघितला, दगड बघितले, आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. चहा गार होईल तुमचा.

मी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवायला धावलो. पण शेवटच्या गाडीतला बोरकर वळणाच्या पलीकडे, झाडांमागे होता. त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याने ढोलावर दणकून काठी हाणली आणि आकाशाकडे तोंड करून आरोळी ठोकली:

"गणपती बाप्पा!"

आता सांगा, मराठी माणसाच्या कानावर हे पडलं तर पुढे काय होतं? मेंदूला विचारतो का आपण? चाळीस जणांच्या तोंडून, स्मशानाच्या मधोमध, निघून गेलं:

"मोरया!"

त्यात माझाही आवाज होता. सुलभाकाकूंचाही होता. हे त्या आजही नाकारतात.

मांडवाखालची बारा-तेरा माणसं वळून बघायला लागली. पाद्र्याने पुस्तक मिटलं. सुलभाकाकू दातओठ खात पुटपुटत होत्या, "स्मशानात? विसर्जनाचा गणपती स्मशानात आणलास? आता अंघोळ केल्याशिवाय हात कसा लावायचा मूर्तीला? तुझ्या आईने तर आधीच धरलाय बाप्पा! अरे देवा, देवालाच विटाळ!"

आणि मग पहिल्या रांगेतून एक छोटीशी म्हातारी उठली. निळा ड्रेस, पांढरे केस, हातात काठी. ती सावकाश चालत आमच्याकडे यायला लागली. मला वाटलं, आता ती काठी माझ्या फेट्यावर बसणार, आणि मी अजिबात अडवणार नव्हतो.

ती माझ्यासमोर थांबली. वर बघितलं. "मी डॉटी," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या अर्लसाठी आलात?"

तिच्या मागे त्या चार रिकाम्या रांगा दिसत होत्या. तिने खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, आणि त्यांवर बसायला माणसं नव्हती.  'हो' म्हणावं तर खोटं. 'नाही' म्हणावं तर कोणत्या तोंडाने? पुन्हा गाडीत बसून, ब्लिंकर लावून, तिच्यासमोरून निघून जायचं?

"मॅडम," मी म्हटलं, "आम्ही... म्हणजे मी... तो सिग्नल..."

माझ्या आईला इंग्लिश येत नाही. पण काय झालंय ते कळायला तिला इंग्लिश लागलंच नाही. माझे वडील जाऊन तीनच वर्षं झाली होती. तिने बाप्पा माझ्या हातात दिला, पुढे झाली, आणि त्या बाईला सरळ मिठीत घेतलं. "रडून घे बाई," ती मराठीत म्हणाली. डॉटीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मग आई वळून आम्हाला म्हणाली, "बघत काय उभे राहिलात सगळे? बसा खुर्च्यांवर."

"अहो, पण गणपती..." सुलभाकाकू म्हणाल्या.

"तो नाहीतरी पाण्यातच चाललाय ना? अंघोळ होते त्याची. आपण घरी जाऊन करू. बसा!"

पंचेचाळीस वर्षं धर्मशास्त्र सांभाळणाऱ्या सुलभाकाकूंनी पदर सावरला. त्या बसल्या. मग सगळेच बसले. बोरकर ढोल पाठीमागे लपवत बसला. चार रांगा भरल्या. नऊवाऱ्या, फेटे, लेझीम, आणि मधोमध मी, मांडीवर गणपती.

मी मनात म्हटलं, चला, आता गप्प बसून राहू, कोणाला कळणार आहे? पाद्र्याने प्रार्थना म्हटली. आणि मग डॉटी खुर्चीतूनच मागे वळून, गोड आवाजात म्हणाली, "ह्या अर्लच्या मित्राने दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं. तो, तो डोक्याला कापड बांधलेला."

झालं! मी उठलो. बाप्पाला कुठे ठेवणार? घेऊनच उभा राहिलो.  वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. खूप चांगला माणूस होता, नेहमी मदत करायचा. कोणाच्याही बाबतीत चालतं ते. पण दीड फुटाचा बाप्पा हातात धरून खोटं बोलायचं धाडस होईना.

"मी अर्लना ओळखत नव्हतो," मी म्हटलं. "मी ह्या शहरात नवा आहे. आज सकाळी मला रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी त्यांच्या मागे निघालो. त्यांच्यासाठी सगळं शहर थांबलं. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलंय. माझ्या देवासाठी. मी हातसुद्धा हलवले. मला माफ करा. पण ज्या गावात न ओळखणाऱ्या माणसासाठीही लोक टोपी काढतात, तिथे मी राहतो, हे माझ्या आईला आज अर्लमुळे कळलं. मी त्यांचा आभारी आहे."

 मग पहिल्या रांगेतून एक खर्जातला आवाज आला, "आमेन." आणि झाडांच्या बाजूने बोरकर, सवयीने, "मोर..." एवढं म्हणाला आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

माती देऊन झाली. मी डॉटीला हात जोडले आणि सटकायला लागलो. तिने काठीने माझा रस्ता अडवला.

"हा हत्ती कुठे चाललाय?"

मी सांगितलं. दहा दिवस पाहुणा येतो, मग आम्ही त्याला तळ्यात निरोप देतो.

 "तुम्ही माझ्या माणसाला पोचवायला आलात," ती म्हणाली. "मग तुमच्याला पोचवायला मी येते. कोडी, गाडी काढ." हा कोडी म्हणजे मोटरसायकलवरचा पोलीस. तिचा भाचा निघाला तो!

आता डॉक्टरकाकांची बाजू ऐका. ते तासभर तळ्यावर एकटे उभे. वडे गार. मी फोन कट करतोय. आणि अचानक त्यांना दिसतं काय? पुढे मोटरसायकलवर पोलीस, दिवे चमकवत. मागे सतरा गाड्यांची रांग. नारिंगी झेंड्या. त्यातून काही माणसं फेट्यात, काही काळ्या सुटात!

काका धावतच आले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंदार, मी पोलिसांना फोन केला नव्हता रे. कोणी पाठवला हा?"

"अर्लने," मी म्हटलं.

"कोण अर्ल?"

"मोठी गोष्ट आहे, काका. बघू."

विसर्जन झालं. काळ्या सुटातली माणसंसुद्धा 'मोरया' म्हणाली, आणि चांगलं म्हणाली. मग गरम केलेले वडे आले. डॉटी आईच्या शेजारी बसून तिसरा वडा खात होती. मी तिच्याजवळ गेलो. मनावरचं ओझं उतरत नव्हतं.

"मॅडम, मी बोलेपर्यंत तुम्हाला खरंच वाटत होतं का, की आम्ही अर्लचे मित्र आहोत?"

"हनी," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने पन्नास वर्षं ह्या गावातली गवत कापायची मशीन्स दुरुस्त केली. त्याला फेटेवाला मित्र असता तर मला कळलं नसतं?"

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"तू खिडकी खाली करून नगारे लावलेस तेव्हाच. मी हर्सच्या, म्हणजे अर्लच्या त्या काळ्या गाडीच्या, मागच्याच गाडीत होते. सगळं ऐकू येत होतं."

मी उडालोच! "मग थांबवलं का नाही? पोलीस तुमचा भाचा होता!"

तिने हातातला वडा खाली ठेवला. "अर्ल आयुष्यभर रस्ता चुकला आणि एकदाही कोणाला विचारलं नाही. दरवेळी म्हणायचा, मला माहीत आहे, तू गप्प बस. आणि आज त्याच्या शेवटच्या रस्त्यावर मागे बघते तर तसाच एक येतोय. चुकलेला, आणि जोरात! आठ दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं."

आईला अदितीने ते मराठीत सांगितलं. आई हसता हसता डोळे पुसायला लागली. "याचे बाबा पण असेच होते," ती म्हणाली. ते अदितीने डॉटीला इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यानंतर दोघी माझ्याकडे बघून जे हसल्या, त्याला भाषांतर लागलं नाही.

आई नागपूरला परत गेली. आता फोनवर माझ्याआधी डॉटीची चौकशी करते. गावाचं नावही पहिल्या झटक्यात घेते.

ह्या वर्षी पुन्हा मिरवणूक निघाली. मंडळाने एकमताने ठरवलं, सगळ्यांत पुढे डॉटी, अर्लच्या जुन्या पिकअपमधून, मांडीवर बाप्पा, स्टिअरिंगवर कोडी. 'कोणीही मॅप लावू नका, डॉटीच्या मागे या,' असं सुलभाकाकूंनी ग्रुपवर टाकलं, ठळक अक्षरांत. मला रांगेत शेवटची जागा दिली, बोरकरच्याही मागे, म्हणजे चुकलो तर एकटाच चुकेन.

निघताना डॉटी काठी टेकत माझ्या गाडीपाशी आली आणि छतावर काहीतरी चिकटवून गेली. मी उतरून बघितलं. तीच नारिंगी झेंडी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"हरवलास तर," ती म्हणाली, "निदान लोक रस्ता तरी देतील."